गावाजवळ पवनचक्क्या येणार म्हटलं की लोक विरोध का करतात? वीज तर स्वच्छच असते ना?
विरोध बहुतेकदा वाऱ्याच्या विजेला नसतोच, ती कोणाला विचारून आणि कोणाच्या फायद्यासाठी उभी राहते याला असतो. भाडं मिळतं ते ज्याच्या जमिनीत खांब रोवला त्याला. पात्यांचा घुमणारा आवाज आणि घरावरून फिरणारी सावली मात्र शेजाऱ्यालाही. त्यात जागा पक्की झाल्यावर बैठक बोलावली, तर ती चर्चा कसली, नुसती वर्दी! हे ओळखून डेन्मार्कने २००९पासून कायदाच लागू केला: नव्या पवनचक्कीतला किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना आधी विकत देऊ करायचा. (२०२०मध्ये ही योजना बंद करून तिच्या जागी दुसरी आणली.) अर्थात, जागाच पक्ष्यांच्या वाटेत किंवा घरांना खेटून निवडली असेल, तर हिस्सा देऊनही भागत नाही.