६६ टक्के हेट पाईड बॉल पायथनच्या पिल्लांना किती किंमत लावावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हेट पाईड (पाईडचं, म्हणजे बांडेपणाचं जनुक पोटात, पण दिसायला साधे) नर आणि मादी लावली, सहा अंडी आली, सहाही फुटली. एक पिल्लू पाईड, पाच साधी. ही पाच '६६ टक्के हेट' अशी चिठ्ठी लावून शिकागोजवळच्या टिन्ली पार्कच्या सापांच्या प्रदर्शनात मांडायची आहेत. मित्र म्हणतो, १०० टक्के हेटच्या भावाच्या दोन तृतीयांश लाव. लावू का?

नका लावू. साध्या पिल्लाच्या भावात विका, मादी असेल तर दहा-पंधरा डॉलर वर घ्या. शिकागोच्या उपनगरात गेली नऊ वर्षं हे साप पाळतोय आणि या ६६ टक्क्यांपायी माझी तीन वर्षं फुकट गेली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बॉल पायथन म्हणजे घाना, टोगो, बेनिनकडचा ठेंगणा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडू होतो. पाईड म्हणजे बांडा. पांढऱ्याशुभ्र अंगावर मधेच तपकिरी-काळे पट्टे, गावाकडे अशा गाईला बांडी म्हणतात तसं. हा गुण अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर पिल्लू दिसायला साधं, पण पोटात जनुक, तो हेट. शाळेतला मेंडेल आणि त्याचे वाटाणे आठवा: दोन हेट लावले तर चारात एक बांडं, दोन हेट, एक कोरं (म्हणजे जनुकच नसलेलं). बांडं डोळ्यांना दिसतं, ते बाजूला काढलं की उरलेल्या तिनात दोन हेट. ६६ आले ते इथून. पण हा आकडा एकेका पिल्लाचा आहे, तुमच्या पाचांच्या गटाचा नाही. तुमची पाचही हेट असू शकतात (शक्यता साधारण १३ टक्के) आणि पाचही कोरी असू शकतात (२४३ त एक).

आता मित्राचा हिशेब, आधी नीट करून. समजा साधं पिल्लू ४० डॉलरला जातं आणि खात्रीचं हेट १०० ला. वरचे ६० हे जनुकाचे, त्यांचे दोन तृतीयांश ४०, म्हणून ६६ टक्केवाल्याला ८० मिळायला हवेत. (मित्राने तर सरळ १०० चे दोन तृतीयांश केलेत, ते गणितही चुकलंच. कोऱ्या सापालाही ४० मिळतातच ना.) कागदावर ८० बरोबर आहे. टेबलावर नाही. कारण घेणारा नुसता जनुक घेत नसतो, ते सिद्ध करायचं काम अंगावर घेत असतो. मादी असेल तर दीड किलोची होईपर्यंत उंदीर खाऊ घालायचे, म्हणजे तीनेक वर्षं. मग नर लावायचा, मग चार-सहा अंडी, मग ती उबवणीच्या पेटीत दोन महिने. आणि एवढं करून कळणार काय, तर ती हेट होती की नव्हती. नर असेल तर वर्ष-दीड वर्षात कामाला येतो, पण त्याला विचारतो कोण? बांडाच नर आज काहीशे डॉलरला मिळतो आणि तो अनेक माद्यांना पुरतो.

पूर्वी हे असं नव्हतं. पीटर काल या अमेरिकन सर्पपालकाने १९९७ साली पाईड हा अप्रभावी गुण असल्याचं सिद्ध केलं. त्यानंतरची काही वर्षं नुसत्या हेटला हजारांत पैसे पडत, तेव्हा 'कदाचित हेट' घेणं हा परवडणारा जुगार होता. बांडं स्वस्त झालं आणि जुगारातली गंमत गेली. जनुक नवं आणि महाग असेल तर माझं हे उत्तर बदलेल. पाईडसाठी नाही बदलणार.

कोकणातल्या रोपवाटिकेत हापूसच्या कलमाला एक भाव असतो आणि हापूसच्या कोयीतून उगवलेल्या रोपाला दुसरा. 'याला हापूस लागेलही कदाचित' म्हणून कोणी कलमाच्या दोन तृतीयांश पैसे देत नाही. तोच प्रकार.

आता माझी तीन वर्षं. मी एका प्रदर्शनात ६६ टक्के हेट पाईड मादी घेतली, किंमत जवळजवळ हेटची. वाढवली, तिला बांडा नर लावला. पाच अंडी, पाचही पिल्लं साधी. नर बांडा असला की हेट मादीच्या प्रत्येक अंड्यात निम्मी शक्यता असते. पाच वेळा सलग चुकणं म्हणजे ३२ त एक. सुरुवातीचे ६६ टक्के धरून हिशेब केला तर ती हेट असण्याची शक्यता सहा टक्क्यांवर आली. (नर नुसता हेट असता तर पाच साध्या पिल्लांनंतरही ती ३२ टक्के राहिली असती. सिद्ध करायचंच असेल तर बांडा नर लावा.) पिल्लं मात्र वाया गेली नाहीत, बाप बांडा, म्हणून पाचही १०० टक्के हेट.

पुढच्या प्रदर्शनात तोच विक्रेता भेटला, गप्पांत सहज बोलून गेला: "शेपटीकडे खुणा असलेली पिल्लं मी ठेवून घेतो." पाईडच्या हेटांत कधी कधी पोटाच्या कडेला, शेपटीजवळ काही खुणा दिसतात. त्या भरवशाच्या नाहीत, पण अगदी निरर्थकही नाहीत. खुणावाली काढून घेतल्यावर उरलेल्यांचे ६६ टक्के उरतात कुठे? तो खोटं बोलला नव्हता. चिठ्ठी मात्र खोटी होती. तुम्ही पाचांतलं एखादं निवडून ठेवणार असाल तर घेणाऱ्याला ते सांगा.

आता तर निवडायचीही गरज नाही. अमेरिकेत कात पाठवून जनुक तपासून मिळतं, आणि पाईड तपासता येतं. पाचांची कात पाठवा. हेट निघतील ती निकालाच्या कागदासकट पूर्ण भावाने विका, कोरी निघतील ती साधी म्हणून. तपासणीचा खर्च नको असेल तर पाचही साध्या भावात, आणि चिठ्ठीवर आईबापाचे फोटो, अंडी घातल्याची तारीख, 'हेट × हेट, न तपासलेलं' एवढं. एक पडताळा मात्र आधी करा: ही मादी गेल्या हंगामात दुसऱ्या नराकडे होती का? या माद्या वीर्य साठवून ठेवतात. तुमचं एक पिल्लू बांडं निघालं, म्हणजे त्याचा बाप जनुकवाला, पण बाकीच्यांचा बाप तोच असेल याची ती हमी नाही.

दोन जनुकांची चिठ्ठी ('६६ टक्के हेट पाईड, ६६ टक्के हेट क्लाऊन'; क्लाऊन हाही पाईडसारखाच एक अप्रभावी गुण) लिहायची वेळ आली तर ग्राहकाला हेही सांगा की दोन्ही एकत्र असण्याची शक्यता ६६ नाही, ४४ आहे. बरेच जण टेबलापाशी उभं राहून ६६ च समजतात.

पुण्याच्या भाच्याला एक पाठवायचं म्हणालात. तो विचार सोडा. बॉल पायथन साइटीजच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आयातीला परवाने लागतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतात अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे. बॅगेत घालून तर मुळीच नाही.

आणि ते बांडं पिल्लू पहिल्या तासात विकू नका. दुपारपर्यंत टेबलावर पुढे ठेवा. लोक त्याच्यासाठी थांबतात, आणि थांबलेला माणूस शेजारच्या चाळीस डॉलरच्या डब्यात डोकावतोच.