आज किती झालं?

"तीन वर्षं झाली मॅडम, हातात काहीच नाही." बेळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य दर दोन-चार आठवड्यांनी कुणीतरी बोलतंच. विषय सौरऊर्जेचा असो, बायोगॅसचा असो की बॅटरीचा. संशोधनाला लागलेली ही मुलं मार्कांच्या जगात वाढलेली असतात, आणि इथं आल्यावर मार्क मिळणंच बंद होतं. त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीनं, ओळख पुसून सांगते.

तो निपाणीकडचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग इंजिनिअरिंग, एम.टेक., आणि आता प्रेसमडपासून बायोगॅस या विषयावर पीएचडी. उसाचा रस गाळताना जो काळपट गाळ उरतो तो प्रेसमड. गाळपाच्या साधारण 3 ते 4 टक्के निघतो. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, म्हणजे विषय मोलाचाच. पण ताजा प्रेसमड मिळतो फक्त गळीत हंगामात, आणि एका बॅचला 30-40 दिवस लागतात. बाटल्या भरायच्या, 35 ते 37 अंशांच्या पाण्यात ठेवायच्या, रोज किती मिलिलिटर गॅस आला ते वहीत लिहायचं. सुरुवातीचे काही दिवस आकडा नावापुरताच. जिवाणूंना घाई करता येत नाही.

गेल्या हंगामात चौथ्या आठवड्यात प्रयोगशाळेची लाईट दोन दिवस गेली. पाणी गार पडलं, सगळी मापं निकामी झाली. त्यानं त्या महिन्याच्या पानांवर लाल पेनानं रेघ मारली होती. वही मला दाखवताना त्या पानांवर अंगठा ठेवला, झाकल्यासारखा.

पहिल्या काही भेटी या रेघेभोवतीच फिरल्या. मी समजूत घालत होते, तो मान हलवत होता. मग एकदा विचारलं, "जास्त जड कधी वाटतं?"

"रात्री. घरी फोन झाल्यावर."

"घरचे रागावतात?"

"नाही हो. आई एवढंच विचारते, आज किती झालं?"

त्याची आई तीस वर्षं बिड्या वळते. पंचवीसचा एक कट्टा, मजुरी हजारावर. त्या घरात दिवस कसा गेला हे आकड्यावरून कळतं. मुलगा त्याच आकड्यावर शिकला, आणि आता त्याच आकड्यानं स्वतःला मोजत होता. मी माणसाला एकट्याला कधी पाहत नाही, त्याच्यामागचं घर पाहते. पुढच्या वेळी आईला घेऊन ये, म्हटलं.

त्या आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी. मी प्रयोगाचं काही बोललेच नाही. विचारलं, "मावशी, वळलेल्या सगळ्या बिड्या घेतात का हो?"

"कुठलं! छाट निघतीच की. पान वाकडं असलं, तोंड नीट मुडपलं नसलं, की बाजूला काढत्यात. त्याचं पैसं न्हाईत."

"मग ज्या दिवशी छाट जास्त, त्या दिवशी तुम्ही काम केलं नाही असं म्हणायचं?"

त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. "असं कसं म्हणायचं, ताई? छाट निघाली तरी बोटं तेवढीच दुखत्यात."

तोवर खाली बघत बसलेल्या मुलानं मान वर केली.

मी दुसरा प्रश्न विचारला. रोज "किती झालं" असं का विचारता? त्या थोड्या लाजल्या. "त्याच्या कामातलं मला काय कळतंय? आनि काय इचारू? तेवढंच बोलणं हुतंय."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही. अशा वेळी गप्प राहता येणं ही माझ्या कामातली मला सर्वांत अवघड गेलेली आणि आज सर्वांत जपलेली गोष्ट आहे. तो ज्याला हिशेब समजत होता, ती लेकराशी बोलायची एकुलती एक वाट होती.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना म्हणूनच एक गृहपाठ देते: आपलं संशोधन घरच्या भाषेत, पाच वाक्यांत, घरच्यांना सांगा. प्रबंध इंग्रजीत, कार्यालयातले कागद कन्नडमध्ये, आणि घरी मराठीत सांगायला काहीच नाही, अशी गत सीमाभागातल्या मुलांची फार लवकर होते. जे घरी सांगता येत नाही, त्याचं ओझं एकट्यानंच वाहावं लागतं. वहीतल्या बिघडलेल्या पानावर रेघ मारू नका. काय बिघडलं आणि का, ते तिथंच लिहा. प्रबंधात त्याचाही उपयोग होतो.

पैशाची काळजी मात्र खरी असते, ती गोड बोलून घालवायची नाही. 2023 पासून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती, महिना 37,000 रुपये आणि तिचा पुढचा टप्पा एसआरएफ 42,000 आहे, पण ती सगळ्यांना मिळत नाही. नसेल तर किती महिने कसे काढायचे हे घरी बसून आधीच ठरवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पीएचडीला किमान 3 आणि एरवी कमाल 6 वर्षं धरली आहेत. तिसऱ्या वर्षी हात रिकामा दिसला म्हणून कुणी नापास होत नाही. आणि प्रवेशाआधी गाइडचं नाव बघता तशी प्रयोगशाळाही बघा. लाईट गेली तर काय, यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोण करतं, हे तिथल्या सिनियरला विचारा. मन थाऱ्यावर नसेल आणि दोन आठवडे झोप-जेवण सुटलं असेल, तर माझ्याआधी डॉक्टरांकडे जा.

त्या मुलानं पुढच्या हंगामात बाटल्या पुन्हा भरल्या, या वेळी इन्व्हर्टर लावून घेऊन. एका रविवारी आईला प्रयोगशाळेत नेलं. त्या बाटल्यांपुढे उभ्या राहिल्या आणि सवयीनं विचारलं, "आज किती झालं?"

"शून्य. पाचवाच दिवस आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, "मग आधी जेवून घे," आणि डबा उघडला.