लघवीतल्या हार्मोनचा आकडा क्रिएटिनिनने का भागतात?

तुम्ही विचारलंय, गर्भवती बहिणीच्या लघवीत एचसीजीचा (गरोदरपणातल्या हार्मोनचा) बीटा-कोर तुकडा, म्हणजे त्याचा लघवीत उतरणारा भाग, आधी 600 आणि दोन दिवसांनी 150 मायक्रोग्रॅम प्रति लिटर आला, म्हणजे काही बिघडलं का? नुसत्या या दोन आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही. नागपुरात मे महिन्यात सकाळची पहिली लघवी गडद पिवळी असते आणि माठातलं दोन तांबे पाणी पोटात गेलं की दुपारची पाण्यासारखी. हार्मोन तेवढंच, पाणी चौपट.

म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिन मोजतात: स्नायूंतून निघणारा हा टाकाऊ पदार्थ लघवीत साधारण एकाच वेगाने येतो, त्यामुळे लघवी किती पातळ आहे ते त्यावरून कळतं. पहिल्यात 200 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ते लिटरला 2 ग्रॅम. 600 भागिले 2, म्हणजे 300 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. दुसऱ्यात 50 असेल तर 150 भागिले 0.5, पुन्हा 300च. डेसिलिटरचं (लिटरच्या दहाव्या भागाचं) लिटर करायला विसरलं की उत्तर दहापट चुकतं, आणि हे दिसतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

खरी अडचण अतिपातळ नमुन्याची. क्रिएटिनिन 30 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की छेदातली छोटी चूकही गुणोत्तर फुगवते. असा नमुना दुरुस्त करत बसू नये, नवा घ्यावा. क्रिएटिनिन 300 च्या वर असलेला अतिगडद नमुनाही तसाच.

काही ठिकाणी विशिष्ट घनतेने (पाण्याच्या तुलनेत लघवी किती दाट, त्या आकड्याने) दुरुस्ती करतात: मोजलेला आकडा गुणिले 0.020, भागिले (घनता वजा 1). घनता 1.005 असेल तर चारने गुणायचं. पण रिफ्रॅक्टोमीटर (घनता मोजायचं उपकरण) 1.004 दाखवत असेल तर पाचने! शिवाय लघवीत साखर किंवा प्रथिनं असतील तर घनता खोटी वाढते, म्हणून गरोदरपणातल्या मधुमेहात मी क्रिएटिनिनच पसंत करेन. तेही एन्झाइम पद्धतीने, कारण जाफे पद्धतीत (रंग बदलावरून क्रिएटिनिन मोजायची जुनी पद्धत) कीटोन (उपाशीपोटी चरबी जळून बनणारे पदार्थ) आणि काही सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकं आकडा बिघडवतात. उलट्यांनी बेजार बाईच्या लघवीत कीटोन अनेकदा असतात.

भागाकार फक्त पाण्याचा हिशेब करतो. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं, त्यामुळे बारीक अंगाच्या बाईचं गुणोत्तर आपोआप वर जातं. आणि एचसीजी आठवड्यागणिक बदलतं, तेव्हा तुलना सोनोग्राफीने ठरलेल्या त्याच आठवड्याच्या मध्यकाशी (क्रमाने लावलेल्या आकड्यांतल्या मधल्या आकड्याशी) करायची.

डबल मार्कर, म्हणजे बाळातल्या गुणसूत्रदोषांचा धोका पाहणारी तपासणी (11 ते 13 आठवडे 6 दिवस), रक्तावर होतो, तिथे ही भानगड नाही. बहिणीला रक्तस्राव किंवा पोटात दुखत असेल तर मात्र भागाकार ठेवा बाजूला, आजच डॉक्टरांकडे न्या.