कॅनडात ३० सप्टेंबरला सगळे नारिंगी शर्ट का घालतात? मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे.

मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं, त्या मुलांची आठवण म्हणून. फिलिस वेबस्टॅड १९७३ साली सहा वर्षांच्या असताना आजीने घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट घालून ब्रिटिश कोलंबियातल्या अशाच एका शाळेत गेल्या. पहिल्याच दिवशी तो अंगावरून काढून घेतला, तो पुन्हा कधी मिळालाच नाही. खूण तिथून आली. सरकार आणि चर्च मिळून चालवत असलेल्या या शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली, मायबोली बोलली की शिक्षा. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व समेट आयोगाने हजारो साक्षी ऐकून २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली ८० वी अशा स्मृतिदिनाच्या सुट्टीची होती, ती अमलात यायला २०२१ उजाडलं. तारीख सप्टेंबरची, कारण मुलांना घरून न्यायचे ते याच दिवसांत.

मात्र ही सुट्टी केंद्र सरकारची, सगळ्या प्रांतांची नाही. ओंटारियोत खासगी ऑफिसं बहुतेक चालू असतात. शर्ट घेताना पैसे मूलनिवासी संस्थेला जातात का ते बघा, कुणीही छापून विकतं. घरातला जुना नारिंगी टीशर्टही चालतो.