प्रश्न तुमचे : मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न : मी सांगलीत राहते, वय ३९. बी.कॉम. झाल्यावर २००८ ते २०१५ अशी सात वर्षे मी मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर हिशेबाचे काम पाहत होते. मुलाचा जन्म आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांमुळे मी नोकरी सोडली. गेल्या महिन्यात एका मुलाखतीत "स्वतःविषयी सांगा" असे विचारल्यावर मी म्हणाले, "माझे लग्न २०१३ साली झाले. पती सहकारी बँकेत आहेत. आम्हाला एक मुलगा आहे. घरच्या अडचणींमुळे मला दहा वर्षे नोकरी करता आली नाही, त्याबद्दल क्षमस्व. पूर्वी मी यार्डात अकाउंट्स पाहत असे. संधी दिलीत तर मनापासून काम करीन." समोरचे गृहस्थ "कळवतो" म्हणाले, पण पुढे काही कळवले नाही. आता कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्याकडून बोलावणे आले आहे. माझे कुठे चुकले?
ता. क. गेले दहा महिने मी चुलतभावाच्या करसल्लागार कार्यालयात रोज दुपारी जाते आणि दोन दुकानांची जीएसटीची विवरणपत्रे त्याच्या देखरेखीखाली भरते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही ताजा कलमात लिहिले आहे, आणि मुलाखतीत तर ते उच्चारलेच नाही. तुमची अडचण मला याच ठिकाणी दिसते.

तुम्ही बोललेल्या सहा वाक्यांपैकी पहिली चार घराविषयी आहेत, शेवटचे विनंतीचे आहे आणि कामाविषयी केवळ एकच आहे. हा दोष तुमच्या एकटीचा नाही. आपल्याकडे "बायोडाटा" हा शब्द लग्नाच्या आणि नोकरीच्या अशा दोन्ही कागदांना वापरला जातो, आणि वडिलांचे नाव, मूळ गाव, घरात कोण काय करते या क्रमाने ओळख सांगण्याची सवय आपल्याला लग्नकार्यांतून लहानपणीच लागते. तिथे हा क्रम योग्यच असतो, कारण विचारणाऱ्याला घराणे जाणून घ्यायचे असते. कारखान्याच्या अकाउंट्स प्रमुखाला मात्र महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) आणि २० तारखेला ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) वेळेवर जाईल की नाही याची काळजी असते, आणि तुमचे बोलणे तो त्या काळजीच्या कानांनी ऐकत असतो.

"क्षमस्व" हा शब्द कृपा करून काढून टाका. आजारी माणसाची सेवा करणे हा अपराध नव्हे. शिवाय, आपण स्वतःच माफी मागितली की समोरच्याला काहीतरी बिनसले असावे असे उगाच वाटू लागते. खंड पडला हे लपवू नये, पण तो एका सरळ वाक्यात सांगून पुढच्या वाक्यात आजच्या कामावर यावे.

खंडाविषयी त्यांच्या मनात येणारी खरी शंका वेगळी आहे, आणि ती तुम्ही ओळखली पाहिजे. तुम्ही काम सोडले तेव्हा व्हॅट हा जुना विक्रीकर होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती जाऊन २०२० साली टॅलीप्राइम आले. त्याच वर्षी २बी हे, पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून आपोआप तयार होणारे खरेदीचे विवरण सुरू झाले, आणि पुरवठादारांच्या बिलांशी त्याचा मेळ घालणे हे आज अकाउंट्स विभागातील दर महिन्याचे किचकट काम होऊन बसले आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना व्यापाऱ्यांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, काढावे लागते. यांतले तुम्हाला काय येते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. दहा महिने दुपारी बसून तुम्ही जे शिकलात ते याच शंकेचे उत्तर आहे. मग ते न सांगता कसे चालेल?

तुमच्याच माहितीवरून मी असे काहीसे बोलले असते : "नमस्कार. मी बी.कॉम. आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर मी सात वर्षे हिशेब पाहिला. शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या, त्यांतील हमाली-तोलाईची वजावट, व्यापाऱ्यांची उधारी, बँकेचा ताळमेळ आणि व्हॅटची विवरणपत्रे माझ्याकडे होती. घरातील आजारपणामुळे २०१५ मध्ये मी नोकरी थांबवली; ती जबाबदारी आता राहिलेली नाही. गेले दहा महिने मी एका करसल्लागारांच्या कार्यालयात दोन दुकानांची जीएसटीआर-१ आणि ३बी भरते, आणि २बीशी खरेदीचा मेळ मीच घालते. ई-इनव्हॉइस मी अजून प्रत्यक्ष काढलेले नाही, ते मला शिकावे लागेल."

यातील जे तुम्ही केले नसेल ते अर्थातच गाळा. शेवटचे वाक्य मात्र घाबरून गाळू नका, कारण जे येत नाही ते स्वच्छ सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो, आणि हिशेबाच्या कामात विश्वासाला फार किंमत असते. हळद हंगामात पेढीवर दिवसाला साधारण किती पट्ट्या होत, हा आकडा आठवत असेल तर तोही सांगा. "खूप काम असे" यापेक्षा एक आकडा अधिक बोलतो.

हे सर्व मी पोटतिडकीने लिहीत आहे त्याला कारण आहे. माझी तेवीस वर्षे माणसे निवडण्याच्या कामात गेली. त्यातल्या सुरुवातीच्या काळात मी एका बाईंना चार मिनिटांत नकार दिला होता, कारण त्या मुलांच्या शाळेविषयीच बोलत राहिल्या. त्या एका पतसंस्थेचा ताळेबंद वर्षानुवर्षे एकहाती जुळवत होत्या, हे मला पुढे दुसऱ्या कुणाकडून कळले. मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, ही खंत आजही आहे. परंतु समोरचा तो प्रश्न विचारीलच, अशा भरवशावर तुम्ही राहू नये.

"मुलाला कोण पाहील?" असे विचारले गेले, तर "तशी सोय झाली आहे" एवढेच सांगून थांबावे. आणि हे निवेदन आरशासमोर पाठ करण्यापेक्षा चुलतभावाला समोर बसवून तीन-चार वेळा बोलून पाहा; जिथे त्याने मध्येच "म्हणजे काय?" असे विचारले, ते वाक्य बदला.

प्रश्न : मी बार्शीचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमा यंदा पूर्ण झाला. आमच्या गावचे एक इंजिनिअर चाकणला आहेत, पण माझी ओळख नाही. त्यांना व्हॉट्सॲपवर काय लिहावे?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : "सर, नोकरी असेल तर कळवा" असे लिहू नका. नोकरी बहुधा त्यांच्या हातात नसते, त्यामुळे उत्तर काय द्यावे हे त्यांना सुचत नाही आणि निरोप तसाच पडून राहतो. तुम्ही कोण, नंबर कुणी दिला, काय शिकलात आणि नेमके काय विचारायचे आहे, एवढे पाच-सहा ओळींत लिहा. उदाहरणार्थ : "नमस्कार सर, मी बार्शीचा. तुमचा नंबर तुमच्या थोरल्या बंधूंनी दिला. यंदा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. प्रशिक्षणात सीएनसी टर्निंगचे जॉब मायक्रोमीटरने तपासण्याचे काम केले. क्वालिटी विभागात सुरुवात करायची असेल तर आधी आणखी काय शिकावे, हे विचारायचे होते. तुम्हाला सोयीच्या वेळी दहा मिनिटे फोन करू का?" बायोडाटा पहिल्याच निरोपासोबत जोडू नका, त्यांनी मागितला की पाठवा. चाकणच्या कारखान्यांत पाळ्या असतात, तेव्हा दोन दिवस उत्तर आले नाही म्हणून पुन्हा पुन्हा लिहू नका. त्यांनी वेळ दिली, तर त्याच वेळी, शांत जागेतून आणि वही-पेन घेऊन फोन करा. त्यांनी जे शिकायला सांगितले ते शिकून झाले की महिन्याभराने तसे त्यांना कळवा.