अर्जातला एक रकाना

“संस्थेतून दत्तक घेतलेली मांजर आठ-दहा दिवस झाले तरी पलंगाखालून बाहेर येत नाही. आमच्या हातून काही चुकते आहे का? तिला परत द्यावे का?” ही काळजी घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणाऱ्यांना बहुतेक वेळा मांजराच्या स्वभावाविषयी थोडे समजावून सांगितले, की तेवढ्याने भागते. सांगलीच्या गावभागातील एका बाईंच्या बाबतीत मात्र तेवढ्याने भागले नाही. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे मांडत आहे.

बाईंनी साठी ओलांडली होती. यजमान हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, ते निवृत्त झाले आणि मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यावर घर शांत झाले. मुलीने तेथील एका प्राणिसंस्थेतून तीन वर्षांची, लसीकरण आणि नसबंदी झालेली मांजर आईवडिलांसाठी पसंत केली. संस्थेने बाईंकडून सविस्तर अर्ज भरून घेतला, खिडक्यांना जाळ्या बसवायला लावल्या आणि मगच मांजर दिली. पहिल्याच दिवशी ती पलंगाखाली शिरली. दहा दिवसांत बाईंना तिचे डोळे तेवढे दिसले होते.

मी आधी खाण्याची चौकशी केली, कारण मांजर एक दिवसाहून अधिक काळ काहीच खात नसेल, तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवाला धोका होऊ शकतो आणि अशा वेळी समुपदेशकाकडे नव्हे, पशुवैद्यांकडे जायचे असते. ही मांजर रात्री सगळे निजल्यावर खात होती आणि सकाळी वाटी रिकामी असे. मग मी त्यांना समजावले, की अनोळखी जागी लपणे ही मांजराची स्वतःला सांभाळण्याची रीत आहे. तिला सगळे घर एकदम मोकळे न करता एकच खोली द्यावी, तिचे खाणे आणि विधीचा ट्रे एकमेकांपासून दूर ठेवावेत, तिला ओढून बाहेर काढू नये. रोज थोडा वेळ जमिनीवर बसून आपले काम करावे आणि नजरानजर झालीच, तर डोळे सावकाश मिटून उघडावेत. असे केल्यास मांजर अनोळखी माणसाकडेही अधिक सहज येते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना 2020 साली आढळले आहे. सरावायला तीन दिवस, रुळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने, असा एक ढोबळ हिशेब दत्तकाचे काम करणारे लोक सांगतात, तोही मी सांगितला.

बाईंनी सगळे ऐकले आणि खाली मान घालून म्हणाल्या, “मॅडम, तिला कळलंय. मी आधीचीला टाकून आले, हे तिला कळलंय.”

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट आहे, यावरून नदीकाठच्या गावभागात काय झाले असेल, ते ध्यानात यावे. बाई आणि त्यांचे यजमान बोटीतून बाहेर पडले, तेव्हा “आधी माणसं” एवढेच बोटीवरचा मुलगा म्हणाला. मांजर माळ्यावर राहिली, दूधभाताच्या वाटीसह. पाणी ओसरल्यावर घरात चिखल होता, वाटी होती, मांजर नव्हती. तिचा देहही सापडला नाही. पुढे कितीतरी महिने बाई मागच्या दारात वाटी ठेवत राहिल्या. आणि दत्तकाच्या अर्जात ‘पूर्वी पाळलेल्या प्राण्याचे काय झाले’ या रकान्यात त्यांनी ‘म्हातारपणाने गेली’ असे लिहिले होते.

“तुमची काही चूक नव्हती,” हे वाक्य मी उच्चारले नाही. ते घाईने म्हटले, की समोरच्या माणसाचे बोलणे तेथेच मिटते, असे माझे ठाम मत आहे. तो दिवस त्यांनी तासातासाने सांगावा, असे मी सुचवले आणि त्याला तीन भेटी लागल्या. जो गेला, की आहे, हेच कळत नाही, त्याच्या दुःखाला शेवट सापडत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा अनिश्चित वियोगावर आयुष्यभर काम केले आहे. मी अमेरिकेतल्या कतरीना वादळाचीही हकिगत सांगितली. तेथेही 2005 साली असंख्य माणसांना आपले प्राणी मागे सोडावे लागले आणि पुढच्याच वर्षी, आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचाही विचार व्हावा, असा कायदा अमेरिकेत झाला. जे करायला एका देशाला कायदा लागला, ते छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या एकट्या बाईने करायला हवे होते का, एवढे मी विचारले. त्या रडल्या, पण त्या दिवशी प्रथमच त्यांनी पहिल्या मांजरीचे नाव घेतले.

राहिला प्रश्न अर्जातल्या खोट्याचा. मांजर परत मागतील, या धास्तीने त्यांनी पंधरा दिवस टाळले आणि मग मुलीला न सांगता स्वतःच संस्थेला फोन केला. पलीकडच्या कार्यकर्तीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “काकू, पुन्हा पाणी आलं तर हिला कुठं नेणार?”

तो प्रश्न घेऊन बाई माझ्याकडे आल्या आणि उरलेल्या दोन भेटी त्याच कामात गेल्या. मिरजेच्या नणंदेने मांजरीसह येण्यास होकार दिला. पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याला पोचली, की बोटीची वाट न पाहता निघायचे, असे यजमानांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले. मांजर नेण्याची जाळीची पेटी आणून बाईंनी ती दार उघडे ठेवून, आत जुने नऊवारी पातळ अंथरून पलंगाशेजारी मांडली, म्हणजे ऐनवेळी मांजरीला तिची भीती वाटू नये. मे महिन्याच्या अखेरीस त्यांचा फोन आला, की दुपारची झोप ती आता त्या पेटीतच घेते आणि जेवणाची वेळ झाली, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बसते.