लूप वापरायचा नाही अशी अट असलेली प्रोग्रॅमिंगची कोडी कशी सोडवायची?

तुम्ही लिहिलंय की प्लेसमेंटच्या तयारीत "फॉर, व्हाइल, गोटू काहीही न वापरता १ ते १०० छापा" असले प्रश्न येतात आणि तिथे काही सुचतच नाही, शिवाय खऱ्या कामात याचा उपयोग काय हेही विचारलंय. मी बरीच वर्षं ही कोडी आवडीने सोडवतोय आणि टीममधल्या नवीन मुलांनाही घालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी पद्धत एकच. फॉरच्या, म्हणजे तेच काम परत परत करून घेणाऱ्या लूपच्या, जागी काय टाकू असा विचार करायचा नाही. या कोड्यात परत परत होणारी गोष्ट नक्की कोणती आणि ती माझ्याऐवजी दुसरं कोण करेल, हे आधी शोधायचं.

सगळ्यांना पहिलं सुचतं ते रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं. छाप नावाचं फंक्शन घ्या, त्याला एन द्या, एन शून्य झाला तर परत फिरायचं, नाहीतर आधी छाप(एन-१) ला कॉल करायचा आणि त्यानंतर एन छापायचा. कॉल आधी आणि छापणं नंतर, उलटं केलंत तर १०० ते १ येणार. हा क्रम बरेच जण पाठ करतात, पाठ करू नका, कागद घ्या आणि एन = ३ धरून चित्र काढा. ३ वाला थांबलाय २ वाल्यासाठी, २ वाला १ वाल्यासाठी, १ वाला शून्यासाठी, शून्य काही न करता परत फिरतो आणि मग मागे ताटकळलेले एकेक जण आपापला आकडा छापून मोकळे होतात. हे चित्र डोळ्यासमोर उभं राहिलं की स्टॅक (अर्धवट थांबलेल्या कॉलची ही थप्पी) म्हणजे काय ते वेगळं शिकायला लागत नाही.

पुढची पायरी म्हणून कधी कधी "इफ पण वापरू नका" म्हणतात. तेव्हा सी मध्ये नुसतं एन-१ && छाप(एन-१) लिहिलं तरी भागतं, कारण डावी बाजू शून्य असली की सी उजवीकडे बघतच नाही. किंवा दोन फंक्शनांचे पॉइंटर (म्हणजे मेमरीतले पत्ते) एका अ‍ॅरेत ठेवायचे, शून्याच्या जागी थांबणारं आणि एकच्या जागी पुढे जाणारं, आणि इंडेक्स म्हणून !!एन द्यायचं (एन शून्य असेल तर ०, नाहीतर १). मला हे दुसरं उत्तर जास्त आवडतं, अट तपासणं म्हणजे शेवटी दोन वाटांपैकी एक निवडणं हे त्यात उघडं दिसतं.

आता १०० च्या जागी १०,००० ठेवून पायथनमध्ये चालवा. पडेल, कारण पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० ची असते. ही मर्यादा वाढवता येते पण तसं करू नका, कोड्याची खरी मजा इथेच आहे. एकेक पायरी खाली उतरण्याऐवजी रेंज अर्धी करा. १ ते १०,००० चं काम ज्याला दिलंय त्याने १ ते ५,००० एकाला द्यायचं, ५,००१ ते १०,००० दुसऱ्याला, तो परत अर्धं करणार, आणि सुरुवात नि शेवट सारखेच झाले की तो एक आकडा छापायचा. कॉल भरपूर होतात पण एका वेळी एकाखाली एक उभे असलेले फार थोडे, दहा लाख आकड्यांनासुद्धा खोली साधारण २० च, कारण दोनाचा २० वा घात १०,४८,५७६ आहे. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडेच बघत बसलो होतो, इतकं सुंदर वाटलं.

खऱ्या कामातला उपयोग म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. एका कामात प्रत्येक नोंदीला तिच्या आधीची नोंद जोडलेली होती आणि मी रिकर्शनने मागे मागे जाणारा कोड लिहिला. टेस्टिंगला साखळ्या ३०-४० नोंदींच्या होत्या, खऱ्या डेटात एक साखळी काही हजारांची निघाली आणि रात्री प्रोग्रॅम पडला. ही कोडी केलेली असल्यामुळे एरर बघताक्षणी कळलं काय झालंय ते, आणि हेही कळलं की साखळीच्या मध्यावर एकदम उडी मारता येत नाही म्हणजे अर्धं करायची युक्ती इथे चालणार नाही, तेव्हा सरळ व्हाइल लूप लावला. लूप कुठे हवाच हे समजायलासुद्धा त्याच्याशिवाय राहून बघावं लागतं असं माझं मत झालंय.

अजून एक गंमत बघा. १०० ते १ छापताना आधी छापून मग कॉल केला तर तो कॉल फंक्शनचं अगदी शेवटचं काम असतं, परत येऊन काही करायचं शिल्लक नसतं. अशा वेळी सी चे कंपायलर ऑप्टिमायझेशन लावलं की बहुतेक वेळा त्या कॉलची साधी उडी करून टाकतात, म्हणजे तुम्ही टाळलेला लूप कंपायलर गुपचूप परत आणतो. स्कीम ही भाषा १९७५ मध्ये एमआयटीत स्टील आणि सस्मन यांनी बनवली, तिच्या स्टँडर्डमध्ये हे बंधनकारकच आहे, त्यामुळे तिथे अशा शेवटच्या कॉलच्या रिकर्शनने कितीही पुढे गेलात तरी स्टॅक भरत नाही आणि लूपसुद्धा आतून रिकर्शनवरच उभे असतात. आपल्याला जी विचित्र अट वाटते ती त्या लोकांची रोजची पद्धत आहे.

दुसऱ्याकडून काम करून घेणारी उत्तरंही भरपूर आहेत. सी++ मध्ये एक क्लास करा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्टॅटिक, म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच असलेला, काउंटर वाढवून छापा आणि त्या क्लासच्या १०० ऑब्जेक्टचा अ‍ॅरे नुसता डिक्लेअर करा, झालं, कन्स्ट्रक्टर १०० वेळा आपोआप चालतो. जावात हे जमत नाही कारण तिथे ऑब्जेक्टचा अ‍ॅरे बनवला की फक्त रिकाम्या जागा मिळतात. पायथनमध्ये प्रिंटला रेंजच्या आधी तारा (*) लावून दिली की एका ओळीत काम होतं. कंपायलरलाही कामाला लावता येतं, १९९४ मध्ये एर्विन उनरुह यांनी सी++ चा असा प्रोग्रॅम दाखवला होता जो कंपाइलच होत नव्हता, पण त्याच्या एरर मेसेजमध्ये मूळ संख्या ओळीने येत होत्या.

पण माझी सगळ्यात आवडती कोडी ती, जिथे शोधता शोधता कळतं की परत परत करण्यासारखं काही नव्हतंच. दिलेली संख्या तीनाचा घात आहे का हे लूप आणि रिकर्शन दोन्हीशिवाय सांगा. ३२ बिटच्या साइन्ड (ऋण संख्याही मावणाऱ्या) इंटिजरमध्ये मावणारा तीनाचा सगळ्यात मोठा घात म्हणजे १९ वा, ११६,२२,६१,४६७. संख्या शून्यापेक्षा मोठी असेल आणि याला निःशेष भागत असेल तर ती तीनाचा घात, नाहीतर नाही. हे चालतं कारण तीन ही मूळ संख्या आहे आणि या आकड्याला तीनाच्या घातांशिवाय दुसरा विभाजकच नाही. सहासाठी हीच युक्ती करायला गेलात तर फसाल, कारण सहाच्या घाताला २ आणि ३ पण भागतात.

आणि दुसरं, संख्येतल्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत राहा, लूपशिवाय. ९८७६५ घ्या, बेरीज ३५, मग ८. हे वाचल्या वाचल्या मला आमचे आजोबा आठवले. ते वहीतला गुणाकार नवाचा ताळा घेऊन तपासायचे, दोन्ही संख्यांचे ताळे गुणायचे आणि उत्तराच्या ताळ्याशी जुळतात का बघायचे. हा तोच ताळा! १० ला ९ ने भागलं की बाकी १, १०० ला पण १, १००० ला पण १, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची नवाने भागून येणारी बाकी कायम सारखीच. ९८७६५ ला ९ ने भागा, बाकी ८ च येते. मग सूत्र होतं १ + (एन - १) % ९ (% म्हणजे भागून उरलेली बाकी), त्यातलं पुढेमागे एक करणं एवढ्यासाठी की नवाने भाग जाणाऱ्या संख्येचं उत्तर ० न येता ९ यावं.

फक्त एन शून्य असताना जपा. सी आणि जावात -१ % ९ म्हणजे -१, त्यामुळे उत्तर बरोबर ० येतं, पायथनमध्ये तेच ८ होतं आणि उत्तर ९ येतं. पायथनमध्ये लिहिणार असाल तर शून्य आधी वेगळा काढा.